भिंतीवरची सुगी

कुलूप उघडून आत गेलो, पिशवी खाली ठेवली आणि सवयीने म्हणालो, "आलो गं." मान वर केली तर भिंत मोकळी.

दोन खिळे होते. एक पाल होती. आणि ज्या ओलीवर पांघरूण म्हणून ते चित्र आम्ही इतकी वर्षं लावलं होतं, ती ओल होती. चित्र नव्हतं.

आधी सगळं घर तपासलं. तांब्याचा बंब जागेवर. गॅसची टाकी जागेवर. माझी पान्यांची पेटी जागेवर. टीव्हीही जागेवर होता, पण तो नेला असता तर मीच चोराला स्टँडपर्यंत सोडायला गेलो असतो. म्हणजे चोर आला, त्याने घरातलं विकण्याजोगं सगळं सोडलं आणि दोघांनी मिळून उचलावं लागतं असं चित्र तेवढं नेलं. असा चोर आमच्या पाचगणीत मला तरी ठाऊक नव्हता.

"हौसाबाई!" मी मागच्या दारातून हाक मारली.

हौसाबाई राजपुरे म्हणजे आमची शेजारीण. मधे एकच भिंत. मी मुलीकडे नाशिकला गेलो तेव्हा घराची किल्ली तिच्याकडे दिली होती. ती बाहेर आली तेव्हा तिचे हात तांदळाच्या पिठाने भरले होते. गौरी यायचा दिवस होता आणि ती उंबऱ्यापासून गौरीची पावलं काढत होती.

"आलासा भावजी? च्या टाकू?"

"चहा नंतर. चोरी झालीय."

"अगं बया! काय गेलं?"

"चित्र."

"चित्र व्हय?" तिचा जीव भांड्यात पडला. "ते कशाला चोरीला जातंय? मीच दिलं."

"कुणाला?"

"मंडळाच्या पोरांस्नी. अंकुश आलता टेम्पो घेऊन. आरास करत्यात न्हवं."

"माझं चित्र तुम्ही कुणाला विचारून दिलंत?"

"वैनींनी सांगितलंतं."

"हौसाबाई, शालन वैशाखात गेली."

"मग, जायच्या आधीच सांगितलं. गेल्यावर कशा सांगत्याल?" तिने पिठाचे हात पदराला पुसले. "म्हणाल्या, हौसा, गणपतीत पोरं येतील, त्यांस्नी चित्र काढून दे. ह्यांना विचारू नको. हे न्हाई म्हणतील."

"मी नाहीच म्हणालो असतो!"

"तेच की," हौसाबाई म्हणाली आणि पुढचं पाऊल काढायला खाली बसली.

आता त्या चित्राचं सांगायला पाहिजे, नाहीतर मी एवढा का पेटलो ते कळायचं नाही.

मी नळकामाचा माणूस. पाचगणीतल्या निम्म्या शाळांचे आणि बंगल्यांचे पाइप माझ्या हातचे. खोरशेदबाई नावाच्या एका म्हाताऱ्या पारशीणबाईंचा बंगला होता, तिथलंही काम माझ्याकडेच. बंगला विकून त्या मुंबईला पुतण्याकडे निघाल्या तेव्हा मला बोलावून म्हणाल्या, "गजानन, आ चित्र तू घेऊन जा, डिकरा. मुंबईला माझ्याकडे एवढी भिंत नाय."

भिंत माझ्याकडे होती, पण ती गळत होती. शालन रोज म्हणायची, "गावाचे नळ बंद करत फिरता आणि घरची भिंत रडतेय." मी मागे डांबरी पत्रा ठोकला, त्यावर चित्र लावलं. ओल झाकली. माझ्या दृष्टीने चित्राचं काम तिथे संपलं.

शालनच्या दृष्टीने तिथे सुरू झालं.

चित्र विलायतेतल्या सुगीचं. पिवळाधमक गहू, त्यात कापणी चाललेली. मोठ्या दांड्याचे विळे घेतलेले दोन गडी, पेंढ्या बांधणाऱ्या बाया, दोन घोडे जुंपलेला गाडा, लांबवर चर्चचा मनोरा. एकजण पेंढीला टेकून तोंडावर टोपी घेऊन झोपलेला. त्याच्या उशाशी मडकं. एक कुत्रं. आणि सगळ्यांच्या मधोमध एक बाई, एका काखेत पेंढी, दुसरा हात कमरेवर, सरळ आपल्याकडे बघणारी. मुलीच्या ओळखीचा, चित्रांतलं कळणारा एक गृहस्थ एकदा मुंबईहून आला होता. तो म्हणाला, हे व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या काळातलं तैलचित्र आहे, विकायचं असेल तर सांगा. शालनने त्याला पोहे दिले, चहा दिला आणि म्हणाली, "घरातली माणसं विकत नाहीत हो."

कारण ती माणसं तिने घरातलीच करून टाकली होती. झोपलेला तो माझा धाकटा भाऊ विठ्ठल. "बघा, सगळे राबताहेत आणि भावजी झोपलेत." विठ्ठल प्रत्यक्षात घरी आला की तिथेच चित्राखाली सतरंजीवर झोपायचा, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. विळेवाले दोघे माझे मेहुणे. आणि मधोमधची ती बाई म्हणजे मधली. नुसतंच मधली. घरात जशी थोरली, मधली, धाकटी जाऊ असते तशी.

मला काही सांगायचं असलं की शालन स्वतः सांगत नसे. मधलीच्या तोंडून सांगायची.

"अहो, मधली विचारतेय, चपला आत कुणी आणल्या?"

"मधलीला सांग, पाऊस आहे."

"ती म्हणते, पाऊस बाहेर आहे, चिखल आत आहे."

किंवा भांडण झालं की दोन दिवस माझ्याशी अबोला, पण मधलीशी बोलणं चालू. "मधले, भाकरी झाल्यात. ज्यांना भूक असेल त्यांनी यावं." मग मीही मधलीलाच सांगायचो, "मधले, त्यांना म्हणावं, आलो." असा आमचा संसार तीन माणसांत चालला होता. हसणाऱ्यांनी हसावं. दोन माणसांत न टिकलेले संसारही मी पाहिलेत. सगळ्यांच्या न्हाणीघरात मी जातो.

दर भाद्रपदात आमच्या गौरी त्याच भिंतीखाली बसायच्या. सवाष्णी आल्या की शालन गौरींना हळदीकुंकू लावायची आणि एक बोट वर चित्राच्या चौकटीलाही लावायची. म्हणायची, "तिलाही सण आहे."

मग ती आजारी पडली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मला आणि मुलीला आत बोलावून काय ते सांगितलं. आम्ही बाहेर येऊन तिला सांगितलं, पित्त आहे. तिने ते मानलं. रोज कोकम सरबत प्यायची आणि मला विचारायची, "कसं आहे हो माझं पित्त?" मी म्हणायचो, उतरतंय. तिला कळू दिलं नाही, एवढं एक काम मी आणि मुलीने नीट केलं असं आम्ही समजत होतो.

ती गेली. मागे मी आणि मधली. कुलूप उघडून 'आलो गं' म्हणायला घरात एक तोंड होतं ते तेवढंच.

तेच अंकुश भिलारेने टेम्पोत घालून नेलं होतं.

चहा न घेताच मी बाजारातल्या मांडवात गेलो. दिवस मावळायचा होता, तरी दिवे लागले होते. बायकांची ही गर्दी. गणपती खऱ्या बैलगाडीत बसवला होता आणि वर पाटी होती, 'बळीराजाची सुगी'. गाडीच्या मागे चित्र उभं केलं होतं. मी बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं, हे आपलं नव्हे.

मग कुत्रं ओळखलं.

कुत्रं तेवढं जसंच्या तसं होतं. बाकी सगळ्यांनी कपडे बदलले होते. माझ्या दोन्ही मेहुण्यांना धोतर, बंडी आणि तांबडी पागोटी. चर्चच्या मनोऱ्यावर कळस आणि भगवा झेंडा. मडक्यावर ठळक अक्षरांत 'ताक' असं लिहिलेलं, म्हणजे कुणी भलताच अर्थ काढायला नको. विठ्ठलच्या तोंडावर टोपीऐवजी पागोटं आलं होतं, पण झोप मोडली नव्हती.

घोड्यांना हिरवी शिंगं फुटली होती. पाठीवर झूल होती, गळ्यात घुंगुरमाळा होत्या, पण तोंडं घोड्याची आणि शेपट्या घोड्याच्या. माझ्यापुढे एक पोरगी आईला विचारत होती, "आई, हे काय गं?"

आई म्हणाली, "जर्सी बैल."

आणि मधोमध मधली. हिरवंगार नऊवारी लुगडं, जरीचे काठ, कपाळावर कुंकू, नाकात नथ, कमरेवर ठेवलेल्या हातात कोपरापर्यंत चुडा. डोळे तेवढे घारेच राहिले होते. तिच्यापुढे बायका ओळीने हळदीकुंकू वाहत होत्या.

माझं डोकं फिरलं. घरात एकच तोंड उरलं होतं आणि त्यात या पोरांनी नथ अडकवली होती.

मांडवाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. त्यातून बादली भरली, खांद्यावरचा टॉवेल भिजवला आणि बैलगाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढलो. पहिला घोडा हाताशी आला. एक हात मारला तसं त्याचं डावं शिंग सटकन निघून आलं.

"काका!" मंडळाचा अध्यक्ष अंकुश मोटारसायकलवरून उडी टाकून धावत आला. मोटारसायकल मागे आडवी झाली. "गजाकाका, खाली उतरा! उद्या परीक्षक यायचेत साताऱ्याहून!"

"येऊ देत. घोडे बघून जातील."

"आपला देखावा बळीराजाचा आहे! बळीराजाकडे घोडे असतात का?"

"मग घोड्यांचं चित्र नेलंस कशाला, गाढवा?"

"काकूंनीच सांगितलं होतं!"

"काकू काकू करू नकोस. ती आता सांगायला येत नाही म्हणून वाट्टेल ते तिच्या नावावर घालता होय रे? गावात भिंती कमी होत्या? रंगवायच्या त्या. माझी माणसं कशाला रंगवलीत?"

"कुठली माणसं, काका?"

मी टॉवेल पुन्हा भिजवला, पिळला आणि मधलीकडे वळलो. लुगड्याचा पदर हाताच्या अंतरावर होता.

"भावजी!"

खाली हौसाबाई उभी होती. हातात हळदीकुंकवाचं ताट.

"चार माणसांत बाईच्या लुगड्याला हात घालताय व्हय? ते बी सणाच्या दिवशी?"

सगळा मांडव हसायला लागला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोरं उघड हसत होती. मी बैलगाडीवर, एका हाताने गणपतीच्या मखराला धरलेलं, दुसऱ्या हातात ओला टॉवेल, आणि टॉवेलातून पाणी थेट मूषकाच्या डोक्यावर गळतंय. शालन असती तर हसून तिला ठसका लागला असता, हे त्या घटकेलाही माझ्या मनात आलं. तरी हात काही खाली येईना.

"गजाभाऊ," मागून आवाज आला, "खाली या. शिव्या मला द्यायच्यात ना? मग चहा पिऊन द्या."

बाबालाल पेंटर. गावातल्या दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, हंगामात स्ट्रॉबेरीवाल्यांचे फलक, सगळं त्याच्या हातचं. माझा जुना दोस्त. माझ्या दुकानाच्या पाटीवर त्याने नळ काढला होता आणि नळातून पडणारा थेंबही काढला होता. मी म्हणालो होतो, अरे, थेंब काढलास तर लोक म्हणतील याचा नळ गळतो. त्याने तो थेंब आजवर पुसला नाही.

त्याने हाताला धरून मला खाली उतरवलं आणि शेजारच्या हॉटेलात नेऊन बसवलं.

"हे तू केलंस?"

"मीच."

"बाबालाल, तू हे चित्र किती वेळा बघितलंयस. दर ईदला शालनला शीरखुर्मा घेऊन यायचास आणि त्याच्याखाली बसायचास. तूच म्हणायचास, काय हात आहे या माणसाचा. मग त्याच्यावर ब्रश चालवताना हात कापला नाही तुझा?"

"कापला. म्हणून तर त्या घोड्यांची तोंडं जमली नाहीत." त्याने चहा माझ्याकडे सरकवला. "वैनींनी काम दिलं होतं मला."

"तूही तेच म्हण."

"शिमग्याच्या आधी दुकानात आल्या. एकट्या. बाजारात ठिकठिकाणी बसत बसत आल्या असाव्यात, धाप लागली होती. मी पाणी दिलं. म्हणाल्या, बाबालालभाऊ, आमच्या घरातल्या माणसांना एकदा सणाचे कपडे घालायचेत. इतकी वर्षं त्याच मळक्या कपड्यांत राबताहेत, एक दिवसाची सुटी नाही. मी म्हटलं, वैनी, जुनं तैलचित्र आहे, त्याला मी हात लावणार नाही. त्या म्हणाल्या, कायमचं नको, पुसता येईल असं काढा. मी म्हटलं, साबणाचं पाणी फिरवून पोस्टरच्या रंगाने काढता येईल, खालच्याला धक्का लागणार नाही. त्या म्हणाल्या, मग झालं."

"आणि तू हो म्हणालास."

"वैनींना नाही म्हणून बघितलंय का तुम्ही कधी?"

मी चहा घेतला.

"लुगडं हिरवंच पाहिजे म्हणाल्या. काठ रुंद पाहिजेत. नथ मोत्यांची. अर्धा तास नथीवर गेला. झोपलेल्याला उठवू का विचारलं, तर म्हणाल्या, नको, ते भावजी आहेत, त्यांच्याच्याने व्हायचं नाही."

मला हसू आलं. हसू आलं म्हणून राग आला.

"पण मंडळाला कशाला द्यायचं?" मी म्हणालो. "कपडे घालायचे तर घरात घालायचे. दर वर्षी आमच्याकडे गौरी बसतातच की."

"मीही तेच विचारलं त्यांना. म्हटलं, वैनी, तुमच्या गौरी त्याच भिंतीखाली बसतात, मग मांडवात कशाला?" बाबालाल कपाकडे बघत बोलत होता. "त्या म्हणाल्या, यंदा आमच्या घरी गौर बसायची नाही. मग मधलीला कोण हळदीकुंकू लावणार? मांडवात असली तर चार बायका लावतील."

घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात सण होत नाही. आमच्याकडे रीत आहे. शालन वैशाखात गेली, म्हणून भाद्रपदात आमच्या घरी गौर नव्हती. आणि शालन हे बोलली होती शिमग्याच्या आधी.

"आधी?" मी विचारलं.

"आधी. होळीच्या गोवऱ्या थापायला लागल्या होत्या, मला पक्कं आठवतंय."

"तू विचारलं नाहीस, गौर का बसायची नाही ते?"

"विचारलं की. म्हटलं, का वैनी, कुणी आजारी आहे का घरात?"

"मग?"

"म्हणाल्या, नाही हो. मला जरा पित्त आहे, तेवढंच."

हॉटेलात रेडिओ चालू होता. कुणीतरी भजी मागत होतं. मी कपातला चहा बशीत ओतला, बशीतला पुन्हा कपात ओतला. मला दुसरं काही करायला सुचेना. रोज संध्याकाळी ती मला विचारायची, कसं आहे हो माझं पित्त, आणि मी उतरतंय म्हणालो की माझ्याकडे नीट बघून मान हलवायची. मला वाटायचं, मी तिला धीर देतोय.

बाबालालने आपला कप रिकामा केला. मग म्हणाला, "आणखी एक गोष्ट आहे. चित्र परत गेलं की पुसायचं काम माझं नाही. वैनींनी बजावलंय. ते तुम्ही करायचं."

"मी?"

"म्हणाल्या, ह्यांना काम द्या, नाहीतर नुसते भिंतीकडे बघत बसतील. आणि एका बैठकीत उरकतील, म्हणून सांगा, एका वेळी एकच माणूस. कापूस आणि कोमट पाणी. चोळायचं नाही, टिपायचं." त्याने माझ्या खांद्यावरचा ओला टॉवेल काढून घेतला. "टॉवेलने तर नाहीच नाही."

आम्ही मांडवात परत आलो. अंकुश शिंग गेलेल्या बैलाखाली डोकं धरून बसला होता.

"बाबालालचाचा, रात्रीतून शिंग परत काढा," तो म्हणाला.

"ओलं आहे. आत्ता काढलं तर ओघळेल. बैलाच्या डोक्यातून हिरवं पाणी आलेलं चालेल का?"

"काका, हे तुमच्यामुळे झालं."

"हो," मी म्हणालो. "उद्या परीक्षक किती वाजता येणारेत?"

"का? आता काय त्यांना पुसणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईने दारात येऊन माझ्या हातात झाकलेलं ताट दिलं. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची भाजी.

"घ्या. मधलीला निवद."

"हौसाबाई, आमचा यंदा सण नाही."

"तुमच्या घरात न्हाई. मांडव गावाचा हाय." ती वाट बघत उभी राहिली. "आणि लुगड्याकडं बघायचं न्हाई. ताट ठेवायचं आणि माघारी यायचं."

मी ताट घेऊन गेलो. इतक्या वर्षांत देवापुढे नैवेद्य ठेवायची वेळ माझ्यावर आली नव्हती. ते सगळं शालनच करायची. ताट कुठल्या हाताने ठेवायचं, पाणी कसं फिरवायचं, मला काही माहीत नव्हतं. मी ठेवलं आणि हळूच म्हणालो, "मधले, जेवून घे." मागे अंकुश उभा होता. त्याने ऐकलं असणार. पण तो पोरगा शहाणा, समईत तेल घालायला लागला.

दुपारी परीक्षक आले. तिघे होते. त्यातले जाड चष्मेवाले गृहस्थ, म्हणे कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, चित्रापुढे जाऊन उभे राहिले ते हलेनात. जवळ गेले, लांब आले, परत जवळ गेले. अंकुशच्या कपाळावर घाम.

"या बैलाला एकच शिंग कसं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अंकुश म्हणाला, "सर, गणपती एकदंत, बैल एकशिंगी."

परीक्षकांनी चष्मा काढला. अंकुशकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे बघितलं. वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या परीक्षकाला म्हणाले, "विचार केलाय पोरांनी."

मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. अंकुश आजही सांगतो की त्याच्या वाटेला आलेला तो एकच खरा विचार, आणि तो माझ्या टॉवेलमुळे.

विसर्जन झाल्यावर चित्र घरी आलं. चार पोरांनी उचलून खिळ्यांवर चढवलं. ओल झाकली गेली. मी कापूस आणला, पातेल्यात पाणी कोमट केलं आणि स्टुलावर चढलो.

बाबालालचं म्हणणं खरं होतं, ते काम घाईचं नव्हतं. टिपायचं, कापूस बदलायचा, परत टिपायचं. एका मेहुण्याचं पागोटं उतरवायला आठवडा गेला. दुसरा त्याहून चिवट, सासुरवाडीच्या माणसासारखा. दिवाळीच्या सुमाराला एकशिंगी बैलाचं दुसरं शिंग गेलं आणि तो पुन्हा घोडा झाला. मनोऱ्यावरचा झेंडा उतरवायच्या दिवशी बाबालाल मुद्दाम बघायला आला. म्हणाला, "मी चढवला, तुम्ही उतरवला, दंगल कुठेच झाली नाही." मडक्यावरचं 'ताक' पुसलं तेव्हा मडक्यात काय असेल यावर आम्ही दोघांनी बराच वेळ घालवला.

विठ्ठल आला तेव्हा त्याचं पागोटं त्याच्याकडूनच पुसून घ्यायचं ठरवलं. निम्मं पुसलं त्याने. उरलेलं जेवून पुसतो म्हणाला आणि सतरंजीवर आडवा झाला. उरलेलं मीच पुसलं.

संध्याकाळी काम संपलं की मी खाली उतरून लांबून बघायचो. एक एक माणूस आपल्या मळक्या कपड्यांत परत कामाला लागत होतं. पाण्याचं पातेलं मोरीत ओतताना मी सांगायचो, "मधले, आज घोड्याचं झालं. उद्या दुसऱ्याचं." शालनची सांगण्याची पद्धत माझ्या तोंडात कधी आली ते मलाही कळलं नाही.

वर्ष उलटलं. घरात पुन्हा सण सुरू झाला. हौसाबाईने आमच्याकडे गौरी बसवल्या, मला म्हणाली, तुम्ही फक्त पाट आणा आणि मधे मधे करू नका. मुलगी नाशिकहून आली होती. हळदीकुंकू झाल्यावर ती चित्राकडे बघत म्हणाली, "बाबा, सगळे पुसलेत आणि ही एकटीच तशी का? मुंबईचे ते गृहस्थ बघतील तर त्यांना झटका येईल."

"हात पोचत नाही," मी म्हणालो.

"ती तर मधोमध आहे, बाबा. स्टूलसुद्धा लागत नाही."

"बघू. पाऊस उघडला की."

पुढच्या वर्षी बाबालालने विचारलं. मी म्हणालो, कापूस संपलाय. त्याने दुसऱ्या दिवशी कापसाचा मोठा गठ्ठा आणून दिला. तो कपाटात आहे. त्यानंतर बरीच वर्षं झाली. बाबालालची नजर आता अधू झालीय, दुकान त्याचा मुलगा बघतो. माझेही गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत, आणि त्या बाईसाठी स्टूल लागत नाही हे मुलीने सांगितलेलं मला ठाऊक आहे.

बाकीचं सगळं चित्र पहिल्यासारखं झालंय. मधलीचं लुगडं पुसायचं अजून राहिलंय.